मिनिटाला १० लाख गोळ्या : ‘मेटल स्टॉर्म’ आणि जलदमारा तोफांचा लष्करी उपयोग

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे १९९४ साली स्थापन झालेल्या ‘मेटल स्टॉर्म’ या कंपनीने ३६ नळ्यांचे एक प्रायोगिक शस्त्र तयार केले होते. प्रत्येक नळीत पाच, अशा एकूण १८० गोळ्या त्यात होत्या आणि त्या सर्व सेकंदाच्या शंभराव्या भागात बाहेर पडल्या. या दराचा मिनिटाशी गुणाकार केला की १० लाखांहून मोठा आकडा येतो. पुढे जगभरच्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांनी उचलला तो हाच आकडा. वस्तुतः त्या यंत्राने १० लाख गोळ्या कधीही झाडल्या नाहीत. १८० झाडल्या आणि ते रिकामे झाले.

या दोन आकड्यांमधील अंतर समजले की प्रायोगिक जलदमारा शस्त्रांचा लष्कराला नेमका कोठे उपयोग होतो आणि कोठे होत नाही, हे बऱ्याच अंशी उमगते. ‘मेटल स्टॉर्म’ची कल्पना चुकीची नव्हती. तिचे काही गुण असे होते, की ते दुसऱ्या कोणत्याही तोफेत आढळत नाहीत. तरीही २०१२ साली कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकांच्या हाती गेली आणि एकाही मोठ्या सैन्याने हे शस्त्र आपल्या नियमित साठ्यात घेतले नाही.

एकामागे एक भरलेले बार

या शस्त्राचे जनक माइक ओड्वायर हे मूळचे किराणा मालाच्या व्यवसायातले. शस्त्रविद्येचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. नेहमीच्या मशीनगनमध्ये गोळी पट्ट्यातून किंवा पेटीतून येते, नळीच्या मागच्या टोकाशी बसते, झडते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढची गोळी तिच्या जागी येते. या सगळ्या हालचालींना वेळ लागतो, आणि तोच वेळ माऱ्याच्या दरावर मर्यादा घालतो. ओड्वायर यांनी या हालचालीच काढून टाकल्या. त्यांच्या रचनेत गोळ्या नळीतच एकापाठोपाठ एक बसवलेल्या असतात, प्रत्येक दोन गोळ्यांच्या मध्ये दारू असते आणि ती विजेच्या ठिणगीने पेटवली जाते. सर्वांत पुढची गोळी आधी सुटते, मग तिच्यामागची. पट्टा नाही, घोडा नाही, रिकामी काडतुसे नाहीत. हलणारा भाग म्हणजे केवळ गोळी.

ही युक्ती फार जुनी आहे. ठासणीच्या बंदुकीत एकावर एक बार भरण्याचे प्रयत्न युरोपात अनेकांनी केले होते. जोसेफ बेल्टन या कारागिराने १७७७ साली अमेरिकेच्या काँग्रेसला आठ बार झाडणारी बंदूक देऊ केली. काँग्रेसने १०० बंदुकांना मान्यता दिली आणि त्याने मागितलेली रक्कम पाहून अवघ्या काही दिवसांत ती मागे घेतली. बेल्टन पुढे लंडनला गेला. तेथे जोव्हर या बंदूक कारागिराच्या साथीने त्याने १७८०च्या दशकात सात बारांच्या बंदुका बनवल्या, आणि त्यांचा ग्राहक होता ईस्ट इंडिया कंपनी. मराठे, म्हैसूर आणि निजाम यांच्याशी ज्या काळात कंपनीची युद्धे व तह चालू होते, त्याच काळातली ही गोष्ट. त्या बंदुकांनी हिंदुस्थानातील कोणत्याही लढाईचा निकाल फिरवला नाही. अनेक बार एकाच वेळी सोडण्याचे आकर्षण त्याआधीही येथे होतेच. एकाच वातीने १७ नळ्या पेटवण्याच्या युक्तीची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे.

बेल्टनच्या काळापासून या पद्धतीचा मोठा दोष एकच. पुढचा बार पेटला की त्याची ज्वाळा मागच्या गोळीच्या कडेने आत शिरते, मागचे सर्व बार एकदम पेटतात आणि नळी चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटते. ओड्वायर यांची खरी कमाई येथे आहे. पुढच्या बाराचा दाब मागच्या गोळीवर आला की ती गोळी किंचित फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि ज्वाळेची वाट बंद होते, अशी रचना त्यांनी केली. स्फोटाचा दाबच बुचाचे काम करतो. विद्युत-प्रज्वलनामुळे कोणती गोळी किती सहस्रांश सेकंदांनी सोडायची हे संगणकाला ठरवता येऊ लागले. एक गोळी, तीन गोळ्या किंवा सर्व नळ्या एकदम. गती ही या शस्त्रात यंत्राची मर्यादा राहिली नाही, ती एक निवड झाली.

गॅटलिंगपासून मिग-२७पर्यंत

माऱ्याचा दर वाढवण्याचा दुसरा मार्ग रिचर्ड गॅटलिंग यांनी १८६२ साली दाखवला होता. अनेक नळ्या एका आसाभोवती फिरवायच्या; प्रत्येक नळी आपली पाळी आली की झडते आणि उरलेल्या फेरीत थंड होते. त्यांची तोफ हाताच्या मुठीने फिरवावी लागे. १८९०च्या दशकात गॅटलिंग यांनीच तिला विजेची मोटार जोडून मिनिटाला सुमारे ३,००० गोळ्यांचा दर गाठला. तोपर्यंत हायरॅम मॅक्झिम यांची स्वयंचलित मशीनगन आली होती. तिचा दर मिनिटाला ६०० च्या आसपास असूनही सैन्यांनी तीच पसंत केली, कारण खंदकात बसलेल्या पायदळाला ३,००० गोळ्यांची गरज नव्हती आणि तेवढ्या वाहून नेण्याची सोयही नव्हती.

विमाने जेटच्या वेगाने उडू लागल्यावर ही गरज उत्पन्न झाली. शत्रूचे विमान नेमात सापडण्याचा काळ सेकंदाच्या अंशावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ साली, अमेरिकेत ‘व्हल्कन’ प्रकल्प सुरू झाला आणि गॅटलिंग यांची कल्पना पुन्हा उजेडात आली. त्यातून निघालेली सहा नळ्यांची २० मिलिमीटर तोफ मिनिटाला ६,००० गोळे झाडते. पाकिस्तानच्या हवाई दलाची एफ-१०४ स्टारफायटर विमाने हीच तोफ बाळगत होती. डिसेंबर १९७१ मध्ये कच्छच्या आखातावर भारताच्या मिग-२१ विमानाने असे एक स्टारफायटर पाडले, तेही साध्या दोन नळ्यांच्या २३ मिलिमीटर तोफेने. दराचा मोठा आकडा वैमानिकाच्या कामी येईलच असे नाही, हे त्या प्रसंगाने दाखवले.

गतीची किंमत यंत्राच्या अंगालाही मोजावी लागते. भारतीय हवाई दलाने २०१९ च्या डिसेंबरात जोधपूर येथे निरोप दिलेल्या मिग-२७ विमानांमध्ये सहा नळ्यांची ३० मिलिमीटर रशियन तोफ होती. मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्यांचा तिचा दर विमानाच्या सांगाड्याला सोसवत नसे. तोफेच्या हादऱ्यांनी उतरतेवेळचे दिवे फुटण्याचे प्रकार घडत. शत्रूच्या रणगाड्याआधी स्वतःच्या विमानाचे नुकसान करणारी ही तोफ जलदमाऱ्याच्या इतिहासातील एक विनोदी, पण बोलके प्रकरण आहे.

१० लाखांचा हिशेब

‘मेटल स्टॉर्म’च्या दराचा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीचे वजन साधारण ८ ग्रॅम असते. सेकंदाला १८,००० गोळ्या म्हणजे सेकंदाला १४४ किलो शिसे, आणि मिनिटाला साडेआठ टनांहून अधिक. एवढा साठा वाहण्यास मालमोटार लागेल, आणि ती एका मिनिटात रिकामी होईल. तेव्हा ‘मिनिटाला’ हा शब्द या शस्त्रापुरता निरर्थक आहे. त्याचे खरे एकक ‘एक झोत’ हेच.

मागे बसणाऱ्या धक्क्याचेही तसेच. १८० गोळ्या ताशी सुमारे १,००० किलोमीटर वेगाने, सेकंदाच्या शंभराव्या भागात सुटल्या असे धरले, तर त्या क्षणापुरता शस्त्राच्या बैठकीवर चार टन वजनाइतका जोर येतो. अमेरिकेच्या ए-१० विमानाच्या सात नळ्यांच्या ३० मिलिमीटर तोफेचा धक्का साधारण याच पातळीचा आहे, आणि त्या विमानाची रचनाच त्या तोफेभोवती केलेली आहे. येथे तो जोर केवळ पिस्तुलाच्या गोळ्यांनी उत्पन्न होतो.

आणखी दोन अडचणी या रचनेत मुळातच आहेत. नळीत सर्वांत पुढे असलेल्या गोळीला धावण्यास थोडीच नळी मिळते, तर सर्वांत मागच्या गोळीला जवळजवळ पूर्ण. त्यामुळे दोघींचा वेग वेगळा आणि लांबच्या पल्ल्यावर दोघींचा मार्गही वेगळा. तोफेचा नेम प्रत्येक गोळीगणिक बदलावा लागतो, किंवा दारूचे प्रमाण प्रत्येक जागी निराळे ठेवावे लागते. दुसरी अडचण पुन्हा भरण्याची. येथे नळी हीच पेटी असल्याने रिकामी नळी काढून भरलेली नळी बसवावी लागते. व्हल्कन तोफेत सहा नळ्या हजारो गोळ्यांना पुरतात. येथे दर पाच-सहा गोळ्यांमागे एका नळीचे पोलाद वाहावे लागते. दूरवर, दीर्घकाळ, सातत्याने मारा करणाऱ्या कोणत्याही तोफेच्या जागी हे शस्त्र बसणार नाही, हे या दोन गोष्टींनीच ठरते.

मात्र एका बाबतीत ते सर्वांच्या पुढे आहे. फिरत्या नळ्यांच्या तोफेला पूर्ण गती घेण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ‘मेटल स्टॉर्म’ची पहिली आणि शेवटची गोळी एकाच गतीत असते, तिला सुरुवात करण्यास वेळ लागत नाही. अर्धा सेकंद क्षुल्लक वाटतो. समुद्रावर तो तसा नसतो.

जहाजाचे शेवटचे कवच

जलदमारा तोफांचा सर्वांत ठोस लष्करी उपयोग युद्धनौकांवर सिद्ध झाला आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या लहान क्षेपणास्त्र नौकांनी रशियन बनावटीची स्टिक्स क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारतीय नौदलाने तशाच नौका आणि तीच क्षेपणास्त्रे वापरून कराचीसमोर पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. या दोन रात्रींनी जगातील नौदलांना एक प्रश्न विचारण्यास भाग पाडले : लाटांवरून सरपटत येणारे क्षेपणास्त्र शेवटच्या दोन किलोमीटरांत अडवायचे कसे?

उत्तर म्हणून रशियाने सहा नळ्यांची ३० मिलिमीटर एके-६३० तोफ पुढे आणली आणि अमेरिकेने व्हल्कनवर रडार बसवून ‘फॅलँक्स’ तयार केली, जी १९८० साली जहाजांवर आली. गोव्याच्या वाचकांना यातील पहिली तोफ पाहण्याची संधी मिळालेली असण्याचा संभव आहे. वास्को येथील गोवा शिपयार्डने बांधलेल्या आणि २०१३ साली सेवेत दाखल झालेल्या ‘आयएनएस सरयू’ या गस्ती जहाजावर, तसेच तिच्या भगिनी जहाजांवर, पुढच्या ७६ मिलिमीटर तोफेबरोबर दोन एके-६३० बसवलेल्या आहेत. मिनिटाला चार ते पाच हजार गोळे हा त्यांचा दर. प्रायोगिक नव्हे, रोजच्या वापरातील जलदमारा म्हणजे काय, ते या तोफा सांगतात.

येथील गणित निर्दय आहे. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने, सेकंदाला सुमारे ३०० मीटर, येणारे क्षेपणास्त्र दीड किलोमीटर अंतर पाच सेकंदांत कापते. अगदी जवळ येऊन फुटले तरी त्याचे जळते तुकडे आणि इंधन जहाजावर आदळतेच, म्हणून शेवटचे काही शे मीटर हिशेबात धरता येत नाहीत. उरतात साधारण तीन सेकंद. फॅलँक्सच्या नव्या आवृत्तीचा दर मिनिटाला ४,५०० आहे. म्हणजे या तीन सेकंदांत सव्वादोनशे गोळ्या, आणि त्यांतील एखाददुसरी नेमकी लागायला हवी. ब्राह्मोससारखे ध्वनीच्या पावणेतीन पट वेगाचे क्षेपणास्त्र तेच अंतर दीड सेकंदाच्या आसपास पार करते. अशा वेळी तोफेला गती घेण्यात अर्धा सेकंद गेला, तर लढाईचा तिसरा भाग गेला. एका क्षणात शेकडो गोळ्यांची भिंत उभी करणारे शस्त्र नौदलांना आकर्षक का वाटावे, याचे कारण हेच. चीनच्या नौदलाने याच विचाराने ११ नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ स्वीकारली असून तिचा दर मिनिटाला १०,००० च्या आसपास आहे.

तथापि, या तोफांचा प्रत्यक्ष इतिहास वाचला तर अपयशाचे कारण बहुधा दर नसून निर्णय होता, असे दिसते. मे १९८७ मध्ये इराणच्या आखातात इराकी विमानाची दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे अमेरिकेच्या ‘स्टार्क’ या युद्धनौकेवर आदळली आणि ३७ नाविक मरण पावले. जहाजावर फॅलँक्स होती, पण ती स्वयंचलित स्थितीत नव्हती. ती नेहमी स्वयंचलित ठेवावी, तर दुसरा धोका. फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात ‘मिसुरी’ या युद्धनौकेने शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी धातूच्या चकाकत्या कपट्यांचा ढग उडवला. शेजारच्या ‘जॅरेट’ या जहाजावरील फॅलँक्सने त्यालाच लक्ष्य समजून मारा केला आणि काही गोळ्या ‘मिसुरी’ला लागल्या. जून १९९६ मध्ये एका सरावात जपानी विनाशिकेच्या फॅलँक्सने लक्ष्य ओढून नेणारे अमेरिकी विमानच पाडले. दोन्ही वैमानिक सुदैवाने बचावले. सेकंदाला ७५ गोळ्या सोडणाऱ्या यंत्राला चूक सुधारण्यास अवधी नसतो. सेकंदाला १८,००० सोडणाऱ्या यंत्राबाबत हा प्रश्न किती पटींनी वाढतो, याचा विचार प्रचारपत्रकांत क्वचितच आढळे.

या तोफांचे यशही अलीकडचे आहे. जानेवारी २०२४ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात ‘ग्रेव्हली’ या अमेरिकी विनाशिकेने हुतींनी सोडलेले क्षेपणास्त्र जहाजापासून सुमारे एका मैलावर असताना फॅलँक्सने पाडले. आधीची सर्व क्षेपणास्त्ररोधक आवरणे ओलांडून ते तिथवर आले होते. वर्षानुवर्षे मुकाट उभ्या असलेल्या तोफेने काही सेकंदांत आपली किंमत वसूल केली.

जमिनीवर हाच उपयोग करताना एक वेगळीच पंचाईत झाली. इराकमध्ये अमेरिकी तळांवर पडणारे उखळी गोळे व रॉकेटे अडवण्यासाठी फॅलँक्स गाड्यांवर आणली गेली. समुद्रात चुकलेल्या गोळ्या पाण्यात पडतात. बगदादमध्ये त्या लोकांच्या घरांवर पडल्या असत्या. म्हणून काही अंतरावर स्वतःहून फुटणाऱ्या गोळ्या वापराव्या लागल्या. नागरी वस्तीजवळ जलदमारा शस्त्र वापरायचे असेल, तर एका झोतातील शेकडो गोळ्यांपैकी लक्ष्याला न लागलेल्या कोठे जातात, हा प्रश्न दराच्या आधी येतो.

सुरुंगाच्या जागी तोफ

‘मेटल स्टॉर्म’ने स्वतः ज्या उपयोगावर बराच भर दिला, तो वेगळा होता. १९९७ च्या ओटावा कराराने मानवविरोधी सुरुंगांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने त्यावर स्वाक्षरी केली. अमेरिका आणि भारत करारात नाहीत. सुरुंग नकोत, पण शत्रूला एखाद्या पट्ट्यातून येऊ द्यायचे नाही, ही सैन्याची गरज मात्र संपत नाही. त्यासाठी नळ्यांच्या पेट्या जमिनीवर ठेवायच्या, त्यांना संवेदक आणि कॅमेरे जोडायचे आणि दूर बसलेल्या सैनिकाने पाहून, ओळखून, मग मारा करायचा, अशी योजना पुढे आली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांच्या संरक्षण संशोधन संस्थांनी कंपनीच्या तंत्रात रस घेतला होता.

या योजनेचे मोल भारतीय वाचकांना समजावून सांगावे लागू नये. २००१-०२ मधील ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि पुढे काढताना जवान दगावले, अपंग झाले. शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीत पाऊल टाकता येईना. पेटीतील नळ्यांना असा दोष नाही. वीज बंद केली की त्या निर्जीव होतात, आणि युद्ध संपल्यावर उचलून नेता येतात. मालगाडीच्या डब्याएवढ्या सुरुंगक्षेत्राचे काम अशी एक पेटी करील, असे नव्हे. तिचा पल्ला मर्यादित, विजेवर अवलंबन पूर्ण, आणि संवेदकाला माणूस व जनावर यांतील फरक कळेलच याची हमी नाही. त्याहून अवघड प्रश्न असा, की पाहून निर्णय घेणारा सैनिक थकला, किंवा तारा तुटल्या, तर पेटीने स्वतः मारा करावा का. स्वयंचलित शस्त्रांविषयी आज चालू असलेल्या वादाचे बीज या योजनेत होते. तांत्रिकदृष्ट्या पाहता मात्र ‘मेटल स्टॉर्म’च्या सर्व प्रस्तावांत हा सर्वांत सयुक्तिक होता : पल्ला कमी, मारा अल्पकाळ, वाट पाहणे दीर्घकाळ, आणि हलणारे भाग नसल्याने धूळ-पावसात अडकण्याची भीती थोडी.

रणगाड्याच्या संरक्षणासही हे तंत्र लागू पडते. रणगाड्याकडे येणारे क्षेपणास्त्र काही मीटरांवर असताना त्यावर एक झोत सोडायचा; दुसऱ्या झोताची वेळच येत नाही. सोव्हिएत संघाने ‘द्रोझ्द’ या नावाची अशी एक यंत्रणा पूर्वीच वापरून पाहिली होती, आणि इस्रायलची ‘ट्रॉफी’ आज रणगाड्यांवर बसलेली आहे. दोहोंची रचना वेगळी असली तरी तत्त्व तेच, थोडक्या काळात थोडक्या जागी दाट मारा.

४० मिलिमीटरचा व्यवहारी मार्ग

पुढील काळात कंपनीने १० लाखांचा नाद सोडला आणि ती ४० मिलिमीटर ग्रेनेडकडे वळली. हा निर्णय शहाणपणाचा होता. ग्रेनेड कमी वेगाने सुटतो, नळीतील दाब कमी असतो, नळी हलकी ठेवता येते, आणि पुढच्या-मागच्या गोळ्याच्या वेगातील फरक फारसा जाचत नाही. सैनिकाच्या रायफलीखाली बसणारे एकाच ग्रेनेडचे उपकरण जगभर रूढ आहे. भारतात इन्सास रायफलीसाठी ते पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्र संशोधन संस्थेने, म्हणजे एआरडीईने, विकसित केले. त्याचा दोष असा, की पहिला ग्रेनेड झाडल्यावर दुसरा भरेपर्यंत सैनिक उघडा पडतो. ‘मेटल स्टॉर्म’ने त्याच नळीत एकामागे एक तीन ग्रेनेड बसवले. चाप तीनदा ओढा, तीन ग्रेनेड सुटतील. गती येथे मुद्दाच नव्हती. सोय हा मुद्दा होता.

याच धर्तीवर रायफलीखाली बसणारी पाच बारांची छोटी शॉटगन, चार नळ्यांचे दूरनियंत्रित बुरुज आणि लहान मानवरहित हेलिकॉप्टरवर बसवायच्या नळ्या असे प्रयोग झाले. नळीत कोणता बार कोठे आहे हे विजेच्या जोडणीमुळे ठाऊक असल्याने एका नळीत रबरी गोळ्या आणि दुसऱ्या नळीत खऱ्या, असे करता येई. दंगलनियंत्रणासाठी पोलिसांना हे उपयोगाचे वाटावे अशी अपेक्षा होती. पापुआ न्यू गिनीच्या तुरुंग विभागाने २०१० साली ५०० शॉटगनांची मागणी नोंदवल्याचे कंपनीने जाहीर केले. १० लाखांच्या तोफेपासून सुरू झालेला प्रवास तुरुंगाच्या पहारेकऱ्यापर्यंत आला होता.

सैन्यांनी ही शस्त्रे घेतली नाहीत, याचे एक कारण तांत्रिक नव्हतेच. ४० मिलिमीटर ग्रेनेडचे कारखाने, साठे, प्रशिक्षण आणि सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या एका प्रमाण काडतुसावर उभे आहेत. ‘मेटल स्टॉर्म’चा दारूगोळा काडतुसाविना, स्वतःच्या खास रचनेचा, तो फक्त एकच छोटी कंपनी पुरवणार. युद्ध लागले आणि ती कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न कोणताही खरेदी अधिकारी विचारील. २०१२ साली ती बुडालीच.

ड्रोनच्या काळात

दशकभर बाजूला पडलेला जलदमाऱ्याचा विषय ड्रोनमुळे पुन्हा पुढे आला आहे. लाखो रुपयांच्या ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र सोडणे परवडत नाही, म्हणून तोफांना पुन्हा मागणी आली. युक्रेनमध्ये जर्मनीच्या जुन्या ‘गेपार्ड’ गाड्यांनी इराणी बनावटीचे ड्रोन पाडून नाव मिळवले. दोन ३५ मिलिमीटर तोफा मिळून त्यांचा दर मिनिटाला १,१०० आहे. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानी ड्रोनच्या झुंडींवर भारतीय सैन्याने ४० मिलिमीटर एल-७०, २३ मिलिमीटर झेडयू आणि चार नळ्यांच्या शिल्का तोफा वापरल्या. यांतील शिल्काचा दर मिनिटाला ३,४०० आहे, तर एल-७०चा ३०० च्या आसपास. मूळची स्वीडिश आणि अनेक दशके जुनी एल-७० नव्या रडार व नेमयंत्रणेच्या जोरावर पुन्हा उपयोगी ठरली.

येथे ‘मेटल स्टॉर्म’च्या मूळ कल्पनेला एक प्रतिस्पर्धी भेटतो. ड्रोन पाडण्यासाठी त्याच्या वाटेवर धातूच्या तुकड्यांचा दाट ढग हवा. तो ढग हजार गोळ्या एकदम सोडून करता येतो, किंवा एकच गोळा ठरल्या जागी फोडूनही. ३५ मिलिमीटरच्या ‘अहेड’ प्रकारच्या गोळ्यात टंगस्टनचे १५२ तुकडे असतात. नळीच्या तोंडाशीच गोळ्याचा वेग मोजून त्याला कधी फुटायचे ते सांगितले जाते. २५ गोळ्यांचा छोटा मारा केला की हवेत ३,८०० तुकडे होतात, तेही दोन-तीन किलोमीटरांवर. गतीचे काम फ्यूजने केले, आणि नळी मात्र नेहमीचीच राहिली. शस्त्रसंशोधनाचा कल आज या बाजूला आहे, आणि ‘मेटल स्टॉर्म’च्या तोट्याचे खरे स्पष्टीकरणही बहुधा याच वाटेवर सापडते.

तरीही अगदी जवळचा, शेवटच्या काही मीटरांचा बचाव करण्यासाठी नळीत रचलेल्या गोळ्यांचा विचार संपलेला नाही. पायदळाच्या गाडीच्या छपरावर बसणारी, हलणारे भाग नसलेली आणि एकाच क्षणात रिकामी होणारी एखादी पेटी धडकू पाहणाऱ्या ड्रोनविरुद्ध उपयोगी ठरू शकते. तिला दूरचा पल्ला लागत नाही आणि दीर्घ माराही लागत नाही. चीनमध्ये ‘मेटल स्टॉर्म’सदृश शस्त्रावर संशोधन चालू असल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येत आहेत.

कंपनीची बौद्धिक संपदा २०१५ साली ‘डिफेंडटेक्स’ या ऑस्ट्रेलियन संस्थेने विकत घेतली. या संस्थेचे गाजलेले उत्पादन मात्र ‘ड्रोन ४०’ हे आहे : ४० मिलिमीटर ग्रेनेडच्या नळीतून सोडता येणारा, पुढे पंख्यांवर तरंगत राहणारा छोटा ड्रोन. मालीमध्ये तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो वापरला आहे.